जंतूला दाबून पाहणारी सुई

भात शिजला का, हे शीत दाबून कळते. पोट दुखत असेल तर डॉक्टर पोट दाबून पाहतात. पण जंतूही दाबून पाहता येतो, हे आम्हाला नर्सिंगच्या डिप्लोमाला कुणी शिकवले नव्हते.

गेर्ड बिनिग, केल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गेर्बर यांनी 1986 मध्ये अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप जगापुढे आणला. नावात मायक्रोस्कोप असला तरी याचे काम भिंगाने नाही, स्पर्शाने चालते. एक बारीक लवचिक पट्टी, तिच्या टोकाखाली सूक्ष्म सुई आणि पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण. सुई जंतूवर टेकली की पट्टी वाकते आणि परतणारा किरण सरकतो. त्यावरून जोर किती लागला आणि जंतू किती दबला, याचा हिशेब निघतो. जंतू असतो जेमतेम दोन मायक्रॉनचा, तोही पाण्यात जिवंत! तो निसटू नये म्हणून आधी काचेला चिकटवून घेतात.

हे कशासाठी? जंतू आतल्या दाबाने फुगलेला असतो, सायकलच्या ट्यूबसारखा. बाहेरचे कवच म्हणजे टायर. पेनिसिलिन हे कवच नीट विणू देत नाही, मग जंतू फुटतो. टीबीच्या जंतूचे कवच मेणचट असते. आयसोनियाझिडची गोळी ते मेणच तयार होऊ देत नाही. मात्र ती वाढणाऱ्या जंतूवर जोरात चालते, सुस्त पडलेले मागे उरतात. खोकला थांबला तरी नेहमीच्या टीबीला सहा महिने औषध लागते, ते यामुळे. मेडिकलवाल्याकडून दोन दिवसांच्या गोळ्या आणणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी अशाच पट्टीवर जिवंत जंतू चिकटवले. ते टीबीचे नव्हते, पण त्यांच्या हालचालीने पट्टी थरथरत होती. औषध सोडले, ते लागू पडले आणि काही मिनिटांत थरथर शांत झाली. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची थरथर कायमची थांबली नाही. टीबीचे कल्चर यायला आठवडे जातात, हे ज्यांच्या घरात भोगले आहे त्यांना या मिनिटांची किंमत कळेल.

हे यंत्र अजून संशोधनाच्या प्रयोगशाळेतच आहे. आपल्यासाठी आज सरकारी दवाखान्यात सीबीनॅट आहे. रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही, हे ते मशीन सुमारे दोन तासांत सांगते. तपासणी मोफत आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका द्यायला जा, आणि डबीत लाळ नको, छातीतला बेडका हवा.