भिवंडी ते खोडद, २८ फेब्रुवारी

पहाटे ४.३०. शाळेच्या फाटकाशी नववीची मुलं जमली आहेत. हजेरी, डबे, उलटीच्या गोळ्या. आज राष्ट्रीय विज्ञान दिन. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला निघालोय.

५.१५. कोनगाव मागे टाकून बस दुर्गाडी पुलावर आली की मी मुलांना उठवतोच. १९६५ साली रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी इथे कल्याणला, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या उभारून सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या. आपल्या शेजारच्या गावात हे घडलं, आणि ते आपल्या एकाही मुलाला ठाऊक नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

७.३०. माळशेज. चहाबरोबर पल्सारची गोष्ट. १९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदाला येणारा ठोका सापडला. मेलेल्या ताऱ्याचा गाभा गरागरा फिरतो आणि त्याचा झोत पृथ्वीवरून जातो, तो हा ठोका.

९.४५. खोडद. मोबाइल बंद, त्यांच्या लहरी दुर्बिणीच्या कामात ढवळाढवळ करतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. जवळ गेलं की पत्रा नाहीच, नुसती बारीक तारांची जाळी! आरपार आभाळ दिसतं. वडील यंत्रमागावर असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर उभे-आडवे धागेच." अगदी बरोबर. रेडिओलहरींची लांबी जाळीच्या भोकांहून कितीतरी मोठी, म्हणून त्या परावर्तित होतात. वारा मात्र निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आटोक्यात राहिला. ही दुर्बीणही स्वरूप यांचीच, आणि त्यांच्या बुद्धीची खरी कमाल मला इथे दिसते.

१२.३०. डबे खाताना प्रश्न: ठोके मोजून मिळतं काय? पल्सार ही अचूक घड्याळं. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातलाच तरंग, गेली की ठोके किंचित मागेपुढे होतात. मात्र वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळेही ते रेंगाळतात आणि हा उशीर कमी वारंवारितेला जास्त होतो. तो नेमका मोजण्यात जीएमआरटी तरबेज आहे. जून २०२३ मध्ये युरोप, भारत आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी अशा महाकाय गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले, त्यात खोडदच्या नोंदी होत्या.

४.००. परतीला पुढची गोष्ट. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत एसकेए ही महादुर्बीण उभी राहतेय. भारताने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केलेत. तिथे पल्सार शोधायला माणसं लागतील.

रात्री ९.००. मुलं पालकांच्या हवाली केली.

भिवंडी-कल्याणच्या शिक्षकांनो, पुढच्या २८ फेब्रुवारीला तुमचीही एक बस खोडदला न्याच.