जनावर, माणूस आणि पाणवठा

मानव-प्राणी संबंधांचा अभ्यास ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून गेल्या काही दशकांत रुजलेली ज्ञानशाखा होय. १९७५ साली पीटर सिंगर यांच्या ‘ॲनिमल लिबरेशन’ या ग्रंथाने प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न नीतिशास्त्रात ऐरणीवर आणला. सू डोनाल्डसन व विल किमलिका यांनी ‘झूपोलिस’ (२०११) मध्ये तो राज्यशास्त्रात नेला. पाळीव प्राण्यांना सहनागरिक मानावे, वन्य प्राण्यांना आपापल्या प्रदेशाचे सार्वभौम धनी मानावे, असे ते सुचवितात. विचार धाडसी आहे. परंतु प्राण्याचा दर्जा ठरविताना माणसाचाही दर्जा ठरत असतो, आणि ही गोष्ट आपल्या समाजाला ग्रंथांतून शिकावी लागलेली नाही.

महाडचे चवदार तळे घ्या. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव संमत केला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते; तरी गुरे व पाखरे जेथे निर्धास्त पाणी पीत, तेथे अस्पृश्याला ओंजळ भरता येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले ते शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या १०८ घागरी ओतून! माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी जनावराच्या मलमूत्राने पवित्र झाले.

तीच गाय मेली की तिला ओढून नेणे मात्र महाराच्या माथी. जिवंतपणी देवता, मेल्यावर विटाळ. आणि तो विटाळ वाहणारा जन्मतःच अस्पृश्य. म्हणूनच मेलेली ढोरे ओढणे व मृतमांस खाणे सोडा, असे बाबासाहेब बजावीत राहिले. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ बौद्धद्वेषात व गोमांसभक्षणात शोधले. त्यातील काही दुवे अनुमानाचे आहेत, हे त्यांनी प्रस्तावनेत स्वतःच सांगितले आहे. प्रामाणिक इतिहासकार असाच लिहितो.

या अभ्यासाला बौद्ध परंपरेतही आधार आहे. केवळ ‘प्राणिहिंसा करू नये’ एवढ्यावर आपण थांबतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात भगवान बुद्ध एका प्राचीन राजाच्या यज्ञाचे वर्णन करतात. त्या यज्ञात गाई, शेळ्या, मेंढ्या मारल्या गेल्या नाहीत, यूपासाठी झाडे तोडली गेली नाहीत. आणि त्याच ओघात पुढे येते की, दासांनी व कामकऱ्यांनी दंडाच्या भीतीने, रडत रडत काम केले नाही. ज्यांना करावयाचे होते त्यांनी केले, ज्यांना नको होते त्यांनी केले नाही.