नावावरची उधारी : फाळक्यांच्या नाशिकपासून बच्चन यांच्या कंपनीपर्यंत

१ जानेवारी १९१८ रोजी नाशिकच्या ‘फाळके फिल्म्स’चं रूपांतर ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’त झालं. कागदावर रचना अगदी रेखीव होती. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक भागीदार, दादासाहेब फाळके कार्यकारी भागीदार, आणि लक्ष्मण बळवंत फाटक, मायाशंकर भट, माधवजी जेसिंग व गोकुळदास दामोदर हे भांडवल घालणारे. एकाकडे हिशेब, एकाकडे कला, बाकीच्यांकडे पैसा. त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ पडद्यावर आला, पुढच्या वर्षी ‘कालियामर्दन’. दोन्ही चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. आणि १९१९ सालीच भागीदारांशी बिनसून फाळके सहकुटुंब काशीला निघून गेले. गल्ला भरत असताना कंपनीचा कणा मोडावा, हे कोडं आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं आहे : कलावंत भोळा, शेठजी लोभी, आणि पुढे बोलपट आल्यावर उरलंसुरलं गेलं. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण ते पुरेसं नाही. एका प्रसिद्ध माणसाच्या नावावर उभ्या राहिलेल्या मनोरंजन कंपन्या का बसतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात नाशिकपासूनच करावी लागते. कारण पुढे मुंबईत आणि परदेशातही घडलेल्या गोष्टीचा कच्चा खर्डा इथे आधी लिहिला गेला होता.

फाळक्यांना पैसा मिळाला कसा, ते आधी पाहू. १९१२ मध्ये ते लंडनला गेले ते आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. परत आल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवं होतं. सिनेमा म्हणजे काय हेच सावकाराला ठाऊक नाही, तर तो पैसे कशावर देणार? तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत रोज ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. मिनिटभराच्या त्या पट्टीत वेल डोळ्यांदेखत वाढताना दिसली. फोटोग्राफीच्या साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी ती पाहिली आणि कर्ज देण्याची तयारी दाखवली. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. कोरी फिल्म छिद्रांशिवाय यायची. अंधारात बसून यंत्राने तिला छिद्रं पाडण्याचं कामही सरस्वतीबाई करत. चित्रपटाच्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा या धंद्याची यंत्रं, कारागिरी, मनुष्यबळ आणि पत, सगळं एका घरात, किंबहुना एका माणसात साठलेलं होतं. नाडकर्णींनी कर्ज दिलं ते माणसाच्या हाताला. तारण होता तो माणूस. सुरुवातीला हे अपरिहार्यच होतं. प्रश्न असा की, धंदा वाढल्यावरही तारण तेच का राहिलं?

१९१३ मध्येच फाळक्यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलवला. गोदावरीचे घाट, देवळं, डोंगर आणि त्र्यंबकचा परिसर. पौराणिक कथेला लागणारी पार्श्वभूमी इथे फुकट मिळत होती. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ इथे तयार झाले. १९१४ मध्ये हे चित्रपट घेऊन फाळके पुन्हा इंग्लंडला गेले. तिथले निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी त्यांना चांगल्या अटींवर तिथेच चित्रपट काढायला सांगितलं. फाळक्यांनी नकार दिला आणि ते परतले. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि पैसा आटला. १९१७ च्या ‘लंका दहन’ने तो पुन्हा वाहता केला. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. तिकिटांची नाणी बैलगाड्यांतून न्यावी लागली, असं आजही सांगतात. ते अक्षरशः खरं धरलं नाही तरी एवढं नक्की, की या चित्रपटानंतर भांडवलदार फाळक्यांच्या दारी आले. लोकमान्य टिळक, रतन टाटा आणि मनमोहनदास रामजी यांच्या पुढाकाराने मर्यादित कंपनी काढण्याची बोलणी झाली. ती फिसकटली, आणि तिच्या जागी आली ती वर सांगितलेली भागीदारी.

माझ्या मते कंपनीचं भवितव्य या वळणावर ठरलं. मर्यादित कंपनीत भाग असतात, संचालक मंडळ असतं, एखादा माणूस गेला तर त्याच्या जागेचा विचार आधी करावा लागतो. भागीदारी परस्परांच्या मर्जीवर चालते. हिंदुस्थान कंपनीत भांडवल घालणाऱ्यांनी जे विकत घेतलं ते फाळके हे नाव आणि त्यामागचं कसब; पण विकत घेतलेली ही वस्तू रोज सकाळी स्वतःच्या पायांनी स्टुडिओत यायची होती आणि मनात आलं तर स्वतःच्या पायांनी निघून जाणार होती. खर्च किती, मुदत किती, कोणता विषय घ्यायचा आणि शेवटचा शब्द कुणाचा, यावर मालक आणि कर्ता यांचं एकमत नव्हतं. हिशेब बघणाऱ्याला खर्च दिसायचा, करणाऱ्याला काम दिसायचं, आणि दोघांच्या मधे तिसरं कुणी नव्हतं. म्हणून यशाने भांडण मिटलं नाही, उलट ते वाढलं : प्रत्येक जण आता म्हणू शकत होता की पैसा आपल्यामुळे आला.

पुढचा घटनाक्रम याला दुजोरा देतो. फाळके काशीला गेल्यावर कंपनी बंद पडली नाही. जी. व्ही. साने यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी चित्रपट काढले. पण नाव पडद्यामागून निघून गेल्यावर कंपनीचा भाव उतरला आणि काही वर्षांतच मालकांना फाळक्यांची मनधरणी करावी लागली. ते परतले, तेव्हा मात्र पगारी तंत्रप्रमुख म्हणून. ज्याच्यामुळे कंपनीची पत, तोच आता तिचा नोकर. ही व्यवस्था टिकणं कठीणच होतं. विसाचं दशक संपता संपता त्यांनी पुन्हा वेगळं होऊन ‘फाळके डायमंड’ काढली, आणि तिला पैसा दिला तो हिंदुस्थानच्याच एका भागीदाराने, मायाशंकर भट यांनी. हा तपशील मला फार बोलका वाटतो. दहा वर्षांचे वाद पाहिलेला भांडवलदारही शेवटी कंपनीवर नव्हे, माणसावर पैसा लावायला तयार होता. ‘सेतुबंधन’ अर्ध्यावर असताना हाही पैसा संपला. मग नवी कंपनी जुन्या कंपनीतच विलीन करून चित्रपट पुरा करावा लागला. तो १९३२ मध्ये बाहेर आला तेव्हा त्याला मागाहून आवाज जोडण्याची वेळ आली होती.

पहिला आक्षेप इथेच येतो : मग बोलपटांनीच मारलं असं का म्हणू नये? कलकत्त्याच्या मदन थिएटर्सकडे तर चित्रपटगृहांची साखळी होती, तीही तिसाच्या दशकात कोसळली. हा आक्षेप अर्धा खरा आहे. ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला लागला आणि मूकपटांचा बाजार बघता बघता उठला, यात शंका नाही. पण फाळके कंपनी सोडून गेले ते त्याच्या बारा वर्षं आधी. आजार जुना होता, बोलपटाने फक्त मुदत संपवली. फाळक्यांचीही बाजू पूर्ण निर्दोष नव्हती. कोल्हापुरात बाबूराव पेंटर १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’सारखा सामाजिक चित्रपट काढत असताना नाशिकची पडद्यावरची दुनिया बव्हंशी पुराणातच रमली. प्रत्येक काम स्वतःच्या हातून जावं हा फाळक्यांचा आग्रह १९१३ मध्ये गरजेचा होता, पंधरा वर्षांनी तो अडसर झाला. एका माणसावर उभी असलेली कंपनी त्या माणसाच्या आवडीपलीकडे जाऊ शकत नाही, हाही त्या रचनेचाच दोष.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे, आणि तो ‘प्रभात’चा. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झालेल्या या कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर असे चार कसबी आणि सीताराम कुलकर्णी हे भांडवल पाहणारे, असे पाच भागीदार होते. १९३३ मध्ये पुण्याला आल्यावर स्टुडिओ उभा राहिला, दुसरे दिग्दर्शक तयार झाले, वितरणाची सोय झाली. तरी १९५३ पर्यंत तीही बंद पडली. मग रचनेने काय फरक पडला? फरक असा पडला की, धायबर बाहेर पडले तरी प्रभात चालली. १९४२ मध्ये शांताराम गेल्यावर ती लंगडली, पण लगेच पडली नाही. १९४५ मध्ये दामले वारल्यावर मात्र तिला सावरता आलं नाही. शिवाय मागे काहीतरी उरलं. १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, प्रभातचे चित्रपट आजही पाहता येतात. नाशिकच्या कंपनीचे बहुतेक चित्रपट नामशेष झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालियामर्दन’ची जी रिळं वाचली त्यांतली महत्त्वाची रिळं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांना मिळाली ती फाळके कुटुंबाकडून. कंपनी ती सांभाळायला उरलीच नव्हती. चित्रपट असो की मालिका, जुना साठा हीच या धंद्यातली खरी मालमत्ता. नावाच्या भरवशावर चाललेल्या कंपनीला ती जपावीशी वाटत नाही, कारण तिच्या दृष्टीने खरा माल म्हणजे नाव.

आता पाऊण शतक ओलांडून मुंबईला येऊ. १९९५ मध्ये अमिताभ बच्चन कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजे एबीसीएल, सुरू झाली. ही मर्यादित कंपनी होती, कारभार पाहायला मोठ्या उद्योगातून आलेले व्यावसायिक अधिकारी होते. चित्रपट निर्मिती, वितरण, संगीत, दूरचित्रवाणी कार्यक्रम, समारंभ, सगळ्या क्षेत्रांत तिने एकाच वेळी पाय टाकला आणि सन २००० पर्यंत हजार कोटींची कंपनी होण्याचं स्वप्न जाहीर केलं. मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’ची हिंदी आवृत्ती वितरित करून सुरुवात बरी झाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये बंगळुरूला मिस वर्ल्ड स्पर्धा भरवली, ती निदर्शनांनी गाजली आणि आर्थिकदृष्ट्या अंगाशी आली. १९९७ चा ‘मृत्युदाता’ पडला. दशक संपता संपता कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत, कॅनरा बँकेचं कर्ज थकलेलं, आणि बच्चन यांचा ‘प्रतीक्षा’ बंगला विकण्यावर उच्च न्यायालयाची मनाई. सुमारे ९० कोटींचं देणं आणि पन्नासहून अधिक दावे अंगावर होते, असं बच्चन यांनी स्वतःच पुढे सांगितलं. मर्यादित कंपनीतली ‘मर्यादा’ कामी आली नाही, कारण बँकेने पैसा दिला होता तो चेहऱ्याकडे पाहून, आणि वसुलीलाही ती चेहऱ्याच्याच घरी आली.

यावर कुणी म्हणेल, पण बच्चन तर सावरले, म्हणजे नाव हीच पुंजी ठरली की! सावरले ते कसे, हे मात्र नीट पाहायला हवं. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. वाहिनी दुसऱ्याची, कार्यक्रमाचा साचा ब्रिटनहून परवान्यावर आणलेला, निर्मिती सिद्धार्थ बसूंच्या कंपनीची. धोका त्यांनी उचलला. बच्चन यांनी काम केलं, मोबदला घेतला आणि देणी फेडली. तोच चेहरा, तीच लोकप्रियता. पहिल्या वेळी तारण ठेवलेली, दुसऱ्या वेळी भाड्याने दिलेली. १९१४ मध्ये हेपवर्थ यांनी फाळक्यांपुढे जवळपास हाच पर्याय ठेवला होता. तो नाकारून फाळके परतले म्हणून नाशिकला चित्रपटधंदा रुजला, हे आपलं भाग्य. त्याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली. अमेरिकेत ओप्रा विन्फ्री यांची ‘ओन’ ही वाहिनी १ जानेवारी २०११ ला सुरू झाली, तेव्हा तीही पहिली दोन वर्षं जबर तोट्यात होती. ती तगली याचं कारण डिस्कव्हरी ही मोठी कंपनी तिची भागीदार होती आणि तोटा तिने पचवला. पुढे बहुसंख्य भागही डिस्कव्हरीकडे गेले. नाव दारावर राहिलं, जोखीम दुसऱ्याच्या खात्यात गेली.

याचा अर्थ कलावंताने कंपनी काढूच नये असा नाही. तसं म्हटलं तर फाळके, शांताराम कुणीच उरणार नाही. अर्थ एवढाच की, प्रसिद्ध नाव भांडवल गोळा करू शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही. करार लेखी हवा, शेवटचा शब्द कुणाचा हे त्यात हवं, दुसरी फळी पहिल्या वर्षापासून तयार व्हायला हवी, आणि तयार झालेला माल कंपनीच्या मालकीचा व कंपनीच्या ताब्यात हवा. १९३७ मध्ये कोल्हापूरला ‘गंगावतरण’ काढून फाळके नाशिकला परतले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी इथेच वारले. १९६९ पासून देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. नावाचं मोल आपण कधीच कमी केलं नाही. आता इगतपुरी तालुक्यात मुंढेगावला चित्रनगरी उभारण्याचं घाटत आहे. तिथे पैसा घालणाऱ्यांनी, आणि एखाद्या परिचित चेहऱ्याकडे पाहून वाहिनीत किंवा कंपनीत बचत गुंतवणाऱ्या वाचकांनीही, एकच प्रश्न आधी विचारावा : उद्या हे नाव निघून गेलं, तर कंपनीत काय उरेल? उत्तर कागदावर मिळालं नाही, तर पैसा घरात ठेवावा.