जुने घर घ्यावे की न घ्यावे?

गेल्या चैत्रात बेळगावच्या शहापूर भागातील एक जुने घर विक्रीस निघाल्याची वार्ता आमच्या कानी आली. सेवानिवृत्ती जवळ येऊ लागल्यापासून स्वतःच्या छपराचा विषय आमच्याकडे रोजच निघत असे. त्यातून हे घर आमच्या सौभाग्यवतींच्या मावशीच्या सासरचे; बालपणीच्या कित्येक दिवाळ्या त्यांनी तेथे घालविलेल्या. तेव्हा निदान पाहून तरी यावे, असे ठरले.

जांभ्या दगडाचे जोते, मातीच्या जाड भिंती, सागवानी खांबांचा सोपा, त्यामागे माजघर आणि शेवटी परसू व आड, अशी घराची ठेवण. शहापूर हे लुगड्यांसाठी प्रसिद्ध असलेले विणकरांचे गाव. या घरातही एके काळी माग होता व त्याचा खड्डा सोप्यात अद्याप आहे. कौले ठिकठिकाणी सरकलेली, माजघरावरील एक तुळई खचलेली. सौभाग्यवती कोनाड्यावरून हात फिरवीत उभ्या राहिल्या, तेव्हाच भावाची घासाघीस आपल्या हातून होणार नाही, हे आम्ही ओळखले!

दुसऱ्या खेपेस ओळखीचे सुतार व गवंडी यांस सोबत नेले. सुतारांनी प्रत्येक लाकडावर हातोडीचा दांडा ठोकून आवाज ऐकला. जेथे तो पोकळ आला तेथे चाकूचे टोक रोवून पाहिले. खांब खणखणीत निघाले, परंतु भिंतीत शिरलेली तुळयांची टोके वाळवीने पोखरली होती. लाकूड मधोमध शाबूत दिसते आणि ओल लागणाऱ्या टोकांशी कुजते, हे त्यांनी समजावून सांगितले. गवंड्यांचा राग मात्र सिमेंटवर होता. काही वर्षांपूर्वी बाहेरील भिंतीस कोणी तरी सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत ओल शोषते आणि उन्हात सोडतेही. सिमेंटने ती वाट बंद होते व पाणी आतल्या आत माती पोखरीत राहते. तो गिलावा खरवडून चुन्याचा करावा लागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी सांगितलेला खर्च घराच्या मागितलेल्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. शिवाय छप्पर उतरविल्यावर काय दिसेल ते देव जाणे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

तिसऱ्या वेळी आम्ही मुद्दाम भर आषाढात गेलो. उन्हाळ्यात पाहिलेल्या घरावर विश्वास ठेवू नये, असे आमचे वडील म्हणत. मागाच्या खड्ड्यात टाचभर पाणी साचले होते. माजघर मात्र, एक कोपरा सोडल्यास, कोरडे होते.

स्नेह्यांपैकी काहींनी रिसालदार गल्लीचा दाखला दिला. १८९२ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून बेळगावास आलेले स्वामी विवेकानंद प्रथम तेथील वकील सदाशिवराव भाटे यांच्या घरी उतरले होते, आणि ती वास्तू आज स्मारक म्हणून जपली आहे. दाखला सुंदर आहे. परंतु तेथे स्वामीजींचे नाव पाठीशी आहे, येथे केवळ आमचा भविष्यनिर्वाह निधी. शिवाय स्मारकाला रात्री दिवा मालवून झोपायचे नसते. आम्हांस त्याच तुळईखाली अंथरूण घालावयाचे आहे.

खरा पेच निघाला तो कागदपत्रांत. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन होऊन ते मुंबई प्रांतात आले, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ मध्ये त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. घर जागचे हलले नाही, कागदांची भाषा मात्र पालटत गेली. मूळ खरेदीखत मोडीत, मधली वाटणी बाळबोध मराठीत, अलीकडील उतारे कन्नडात. एम. ए. मराठी झालेल्या आम्हांस मोडी धडपणे वाचता येईना, याची लाज वाटली. अखेर मोडीच्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतले, तेव्हा आडाच्या पाण्यावर शेजाऱ्यांचाही हक्क असल्याचे त्यात आढळले. नोंदणी कार्यालयातून घेतलेल्या बोजाच्या दाखल्यात, ज्याला येथे सर्वजण ‘ईसी’ म्हणतात, त्याचा मागमूसही नव्हता. मागितलेल्या वर्षांतील नोंदलेले व्यवहार तेवढेच त्यात उतरतात.

विकणारे तिघे बंधू. त्यांच्या दोन विवाहित भगिनींचा विषय काढताच, “त्यांचे काय, त्या आमच्या शब्दाबाहेर नाहीत,” असे उत्तर मिळाले. वकिलांनी मान हलविली. १९५६ च्या वारसा कायद्याने पित्याच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिलाच होता. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या दिवशी पिता हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. भगिनींच्या सह्यांवाचून विसार देऊ नये, असा त्यांनी स्पष्ट सल्ला दिला. सौभाग्यवतींनीही तोच कौल दिला. ज्या घरी मावशीने आपल्याला माहेरवाशिणीसारखे वागविले, ते तिच्याच लेकींना डावलून घेणे त्यांना रुचेना.

त्यांनी स्वतःच दोघींना पत्रे लिहिली. थोरलीचा होकार हुबळीहून आला आहे. धाकटीचे उत्तर यावयाचे आहे. तोवर विसाराची रक्कम बँकेतच आहे. बंधूंच्या संमतीने सरकलेली कौले मात्र नीट बसवून घेतली आणि माजघराच्या त्या कोपऱ्यावर ताडपत्री घातली. परतीच्या पावसाला अजून अवकाश आहे.