प्रवासातील चहा व सावधगिरी

नेपानगर भुसावळ-खंडवा लोहमार्गावर वसलेले. आगगाडीचा प्रवास आपणां सर्वांस नित्याचाच. चहा-बिस्किटांतून गुंगीचे औषध देऊन लुबाडणारे भामटे गाडीतच गोड बोलून ओळख काढतात. अनोळखी माणसाने देऊ केलेले पेय नम्रपणे नाकारावे. नजरेआड राहिलेला आपला पेलाही पुन्हा तोंडास लावू नये.

कोणी गुंगीत आढळल्यास त्यास कुशीवर निजवावे, काही पाजू नये, एकटे सोडू नये. रेल्वेच्या १३९ क्रमांकावर कळवावे. उरलेले पेय जपून ठेवावे. रक्त-लघवीची तपासणी त्वरित व्हावी, कारण औषधाचा अंश शरीरात फार काळ राहत नाही.

शुद्धीवर आल्यावर मधले काही आठवत नाही, हा औषधाचाच परिणाम. अशा वेळी घरच्यांनी ‘घेतलेसच का?’ असे विचारू नये. अपराध देणाऱ्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ अन्वये त्यास १० वर्षांपर्यंत कारावास आहे. लाजेने गप्प बसल्यास भामट्यास पुढचा प्रवासी मिळतो.