होडीचा नांगर आणि विलायतेंतला हिंवाळा

शेत नांगरणारा नांगर आणि जहाज थोपविणारा नांगर यांना मराठींत आपण एकच नांव दिलें आहे. हा केवळ शब्दांचा योगायोग वाटेल. परंतु जहाजाचा नांगर काय काम करतो, हें त्या नांवावरून चांगलें उमगतें. नांगर आपल्या भारानें होडीला धरून ठेवतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती खरी नव्हे. तळाच्या वाळूंत वा चिखलांत त्याचा फाळ रुतला, तरच लहान होडी वाऱ्यापुढें टिकते. न रुतलेला नांगर होडीमागें फरफटत जातो.

आपल्या कोंकणांत पावसाळा जवळ आला, कीं दर्यावर्दी मंडळी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनीं शाकारून ठेवतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ही पाळी हिंवाळ्यांत येते. शिडाच्या होड्या बाळगणारे तेथील पुष्कळ हौशी लोक त्या ऋतूंत होड्या पाण्याबाहेर काढतात. जे काढीत नाहींत, त्यांच्या बोलण्यांत नांगर केवढा असावा व साखळी किती सोडावी, हा विषय हटकून निघतो. मंडळी हौशी खरी, पण प्रश्न जिवाचा असतो.

हिंवाळ्याच्या अडचणी तीन. पहिली जोराची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर होडीवरील रेटा चौपट होतो. शिवाय ० अंशाची थंड हवा ३० अंशांच्या हवेहून सुमारें एकदशांशानें जड असल्यामुळें त्याच वेगाचा वारा अधिक ढकलतो. दुसरी दिशेची. अटलांटिकवरील वादळ पुढें सरकलें, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा एकाएकीं वायव्येचा होतो. सायंकाळीं आडोशाची वाटलेली खाडी मध्यरात्रीं उघडी पडते आणि नांगराला नव्या दिशेनें पुन्हां रुतावें लागतें. तिसरी रात्रीची. डिसेंबरांत तेथील रात्र सुमारें १६ तासांची असते.

फाळ रुतून राहावयाचा, तर ओढ शक्य तितकी आडवी हवी. मंद वाऱ्यांत जड साखळीला झोळ पडतो व ओढ आपोआप आडवी राहते. तुफानांत मात्र साखळी ताठ होते, आणि मग तिची लांबीच काय ती कामास येते. म्हणून खोलीच्या ५ पट, व वारा वाढल्यास ७ ते ८ पट साखळी सोडण्याची रीत आहे. खोली भरतीची धरावी. होडीच्या नाळेवर जेथून साखळी सुटते तेथपर्यंतची उंचीहि तींत मिळवावी. ओहोटीचें ४ मीटर पाणी पाहून कोणीं २० मीटर साखळी सोडली, आणि भरतीला पाणी ८ मीटर झालें, तर १ मीटर उंची धरून तीच साखळी सव्वादोन पटहि उरत नाहीं. ताठ साखळीचे हिसके सोसण्यासाठीं तिला नायलॉनचा लवचीक दोर जोडतात.

फाळाचा विचार नव्यानें केला तो केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर यांनीं. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१३ सालीं हिमनगांच्या टेहळणीस गेलेल्या ‘स्कोशिया’ जहाजावर ते हवामानतज्ज्ञ होते. १९२७ सालीं स्वतःच्या होडीतून ते नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत गेले. १९३३ सालीं त्यांनीं केलेल्या नांगराचा घाट शेतांतल्या फाळासारखाच होता. वजन थोडें, पण ओढ वाढेल तसा तो खोल शिरे. पुढें त्याहून सरस घाट निघाले, तरी तत्त्व तेंच राहिलें.

उत्तम नांगरालाहि पहारा लागतो. साखळी दिवसाउजेडीं मोजून सोडावी. रात्रीं एकानें जागून किनाऱ्यावरील दोन दिवे न्याहाळावे. वारा न फिरतां त्यांच्यांतील अंतर वाढत वा घटत चाललें, तर नांगर सुटला असें समजून सर्वांना उठवावें.