विश्वस्त मंडळ नेमके काय करते?
अमानत, निधी आणि निर्णय यांविषयी

वार्षिक अहवालाच्या आरंभी विश्वस्तांची नावे व छायाचित्रे छापण्याचा प्रघात आहे. देणगीदार ती पाहतात, रुग्णांचे नातेवाईक क्वचित पाहतात, आणि पान उलटले जाते. या मंडळींचे काम कोणते, त्यांना कोणते अधिकार असतात व कोणते नसतात, आपण दिलेला रुपया त्यांच्या निर्णयाने कोठे जातो, याचा खुलासा मात्र सहसा कोठे आढळत नाही. मुस्लिम समाजातील दात्यांनी सेवाकार्यासाठी उभ्या केलेल्या न्यासाच्या बाबतीत हा खुलासा अधिकच आवश्यक ठरतो. अशा न्यासाच्या विश्वस्तांना एकाच वेळी दोन हिशेब द्यावे लागतात, एक देशाच्या कायद्याला आणि दुसरा धर्माने घालून दिलेल्या मर्यादांना. रुग्णालयाचे प्रशासन सांभाळताना आम्हांस जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांची उत्तरे या लेखात एकत्र देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

मुंबईची परंपरा

सामाजिक सेवेसाठी मंडळ स्थापून सामुदायिक जबाबदारीने काम करण्याची रीत मुंबईच्या मुस्लिम समाजात जुनी आहे. तिचे ठळक उदाहरण म्हणजे १८७४ साली स्थापन झालेली अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे वडीलबंधू सॉलिसिटर कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मोहम्मद अली रोगे व गुलाम मोहम्मद मुन्शी ही तिच्या संस्थापकांतील प्रमुख नावे होत. तय्यबजी कुटुंब सुलेमानी बोहरा, तर रोगे कोकणी मुस्लिम. आपापल्या जमातीच्या संस्था पृथक् असण्याच्या त्या काळात, निरनिराळ्या जमातींची माणसे एका मेजाभोवती बसली व त्यांनी एकच हिशेबवही ठेवली, हे या संस्थेचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

पहिली शाळा उघडली ती १८८० साली, म्हणजे स्थापनेनंतर सहा वर्षांनी. व्हिक्टोरिया टर्मिनससमोरील, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरील, सुप्रसिद्ध इमारतीची कोनशिला १८९० साली बसविण्यात आली आणि १८९३ साली ती वास्तू पूर्ण झाली. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते व १८९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९०६ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. संस्था मात्र त्यांच्यापाशी थांबली नाही. तंत्रशिक्षण, मुलींच्या शाळा, अनाथाश्रम, वर्सोवा येथील युनानी वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, असा तिचा विस्तार पुढील पिढ्यांनी केला. अंजुमनच्या अध्यक्षपदाची धुरा वाहणारे डॉ. झहीर काझी यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली, त्याच वर्षी संस्थेस दीडशे वर्षे पूर्ण झाली. व्यक्ती बदलत गेल्या व मंडळ टिकून राहिले, यातच विश्वस्त व्यवस्थेचे मर्म आहे.

मालक नव्हे, अमानतदार

विश्वस्त हा संस्थेचा मालक नसतो. इस्लामी परंपरेत यासाठी ‘अमानत’ हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेली असते आणि मागताक्षणी ती जशीच्या तशी दाखविता आली पाहिजे. वक्फाच्या संदर्भात हजरत उमर यांच्या खैबर येथील जमिनीची हकीकत सर्वश्रुत आहे. ही उत्तम जमीन सत्कार्यी लावावी कशी, असे त्यांनी प्रेषितांना विचारले, तेव्हा मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न दान करण्याचा सल्ला त्यांना मिळाला. जमीन विकायची नाही, वारसांत वाटायची नाही, फळ मात्र गरजूंच्या मुखी जाऊ द्यायचे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसास यात ताळेबंदातील ‘कायम निधी’ दिसल्यावाचून राहत नाही. मुद्दल अबाधित ठेवावे व उत्पन्न खर्ची घालावे, हाच त्याही निधीचा नियम आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मुस्लिम दात्याने स्थापन केलेली प्रत्येक धर्मादाय संस्था ही वक्फ नसते. वक्फाची देखभाल मुतवल्ली करतो व त्यावर वक्फ कायद्यान्वये वक्फ मंडळाची देखरेख असते. सार्वजनिक न्यासाचा कारभार विश्वस्त पाहतात आणि महाराष्ट्रात त्यांस १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. वक्फ कायद्यात २०२५ साली झालेल्या दुरुस्तीनेही, मुस्लिम व्यक्तीने स्थापन केलेला न्यास व वक्फ यांतील हा भेद कायद्याच्या मजकुरात नोंदविला आहे. आमचा न्यास दुसऱ्या प्रकारात मोडतो, म्हणून आमच्या विश्वस्तांचे उत्तरदायित्व धर्मादाय आयुक्तांकडे आहे.

या अधिनियमान्वये दरवर्षी हिशेब तपासून लेखापरीक्षकाचा अहवाल सादर करावा लागतो. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. शिल्लक रक्कम कोठे गुंतवावी, यावरही कायद्याचे निर्बंध आहेत. एखादा विश्वस्त कितीही प्रतिष्ठित असो, एकट्याच्या इच्छेने तो न्यासाची एक खोलीही कोणास देऊ शकत नाही. ठराव मांडला जातो, त्यावर चर्चा होते, इतिवृत्तात नोंद होते व सभासद त्यावर स्वाक्षरी करतात. परस्पर विचारविनिमयाने निर्णय घेण्याच्या ‘शूरा’ या जुन्या संकल्पनेचेच हे कागदोपत्री रूप म्हणता येईल.

तीन थैल्या

देणगीदारांचा नेहमीचा प्रश्न असा : ‘आम्ही रमजानमध्ये इतकी रक्कम दिली, मग यंत्रसामग्रीसाठी पुन्हा आवाहन कशासाठी?’ याचे उत्तर निधींच्या स्वरूपात आहे.

पहिली थैली जकातीची. निसाब, म्हणजे साडेसात तोळे सोने अथवा साडेबावन्न तोळे चांदी किंवा तितक्या मोलाची संपत्ती, ज्याच्यापाशी वर्षभर राहते, त्याने तिचा अडीच टक्के भाग द्यावयाचा असतो. एक लाख रुपयांवर ही रक्कम २,५०० रुपये होते. तिचे हक्कदार कुराणाने आठ वर्गांत सांगितले आहेत. निर्धन, गरजू, कर्जबाजारी, वाटेत अडकलेला प्रवासी हे त्यांपैकी काही. हनफी मतानुसार ही रक्कम हक्कदाराच्या मालकीची व्हावी लागते, यास ‘तमलीक’ म्हणतात. भिंत, यंत्र वा उद्वाहक हे काही मालक होऊ शकत नाहीत, म्हणून जकातीच्या पैशातून इमारत बांधता येत नाही किंवा क्ष-किरण यंत्र घेता येत नाही. हा पैसा रुग्णापर्यंतच पोहोचला पाहिजे.

दुसरी थैली सदका व इतर ऐच्छिक दानाची. हिचा विनियोग व्यापक आहे. कोणत्याही धर्माच्या रुग्णाची औषधे, जेवण, शस्त्रक्रियेचे साहित्य यांसाठी ती वापरता येते. दात्याने तसा हेतू नोंदविल्यास यंत्र वा खाट यांसारखे, ज्याचा लाभ वर्षानुवर्षे होत राहील असे, ‘सदका-ए-जारिया’चे कामही तिच्यातून होऊ शकते.

तिसरी थैली कायम निधीची. तिच्या मुद्दलास हात लावावयाचा नसतो. येथे विश्वस्तांपुढे एक नाजूक पेच उभा राहतो. कायद्याने सुरक्षित ठरविलेल्या गुंतवणुकीवर बहुधा व्याज येते आणि इस्लाममध्ये व्याज निषिद्ध आहे. अशा व्याजाची नोंद पृथक् ठेवून ते पुण्याची अपेक्षा न बाळगता गरजूंवर खर्च करून टाकावे, असा अभिप्राय अनेक उलेमांनी दिला आहे. ही रक्कम देणगीच्या रकमेत मिसळू नये, म्हणून तिचे खाते पुस्तकात वेगळेच उघडावे लागते. सदर बाब लेखापरीक्षकास समजावून सांगणे आणि धर्माची शंका असलेल्या देणगीदारासही समजावून सांगणे, ही दोन्ही कामे मंडळाच्या वतीने खजिनदारास करावी लागतात.

या तीन थैल्यांची सरमिसळ होऊ न देणे हे मंडळाचे प्रथम कर्तव्य होय. बँकेत एकूण शिल्लक भरपूर दिसते आणि तरीही यंत्रासाठी पैसा नसतो, असे म्हणूनच घडू शकते.

रुग्णापर्यंत पोहोचण्याचा मार्ग

सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना महाराष्ट्रात लागू आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्ण वगळता इतर सर्व रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा करावी लागते. एक लाखाच्या देयकामागे २,००० रुपये असा तिचा हिशेब. पात्रता उत्पन्नावरून ठरते व उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. जात व धर्म यांचा त्यात प्रश्नच येत नाही. तातडीच्या रुग्णास प्रथम दाखल करून प्राणरक्षक उपचार द्यावे लागतात, कागदपत्रे त्यानंतर.

औषधे, उपभोग्य साहित्य, शरीरात बसवावयाची साधने यांचा खर्च मोठा असतो आणि २ टक्क्यांचा निधी त्यास प्रत्येक वेळी पुरतोच असे नाही. उरलेली तफावत दानाच्या थैल्यांतून भरून काढावी लागते. येथे आमची कार्यपद्धती अशी आहे : दाखल करतेवेळी रुग्णास धर्म विचारून उपचाराचा निर्णय होत नाही. देयक कोणत्या निधीतून भागवावयाचे, हा प्रश्न नंतर समाजसेवा विभागात सोडविला जातो. बहुसंख्य उलेमांच्या मते जकात मुस्लिम हक्कदारासच देता येते, म्हणून इतर धर्मीय गरजूंसाठी सदक्याचा व निर्धन रुग्ण निधीचा उपयोग केला जातो. हेतू इतकाच, की निधीच्या मर्यादेमुळे कोणा गरजूच्या उपचारात फरक पडू नये.

जकातीतून साह्य घेणारा रुग्ण अथवा त्याचा नातेवाईक एका अर्जावर स्वाक्षरी करतो. त्यायोगे तो रुग्णालयास आपल्या वतीने रक्कम स्वीकारून देयक फेडण्याचा अधिकार देतो. कित्येकांस ही स्वाक्षरी म्हणजे निव्वळ औपचारिकता वाटते. वस्तुतः त्या क्षणी तो रुग्ण त्या रकमेचा मालक असतो आणि आपले देयक आपणच फेडीत असतो. रुग्णालयाने त्याच्यावर उपकार केलेला नाही, त्याचा हक्क त्यास मिळाला आहे. आमच्या कर्मचाऱ्यांनी अर्ज भरून घेताना ही भावना जपावी, असा मंडळाचा आग्रह असतो.

चिठ्ठी आणि निर्णय

विश्वस्तांची ओळख असली की सवलत लवकर मिळते, असा एक समज आहे. विश्वस्तांकडे दररोज शिफारशीसाठी विनंत्या येतात हे खरे, व त्यांतील बहुतेक खऱ्या अडचणीतून आलेल्या असतात. परंतु चिठ्ठीने अर्ज समाजसेवा विभागापर्यंत येतो, एवढेच. पात्रता ठरते ती उत्पन्नाच्या पुराव्यावरून. ज्याच्यापाशी चिठ्ठी नाही आणि जो मुंबईत कोणास ओळखत नाही, अशा रुग्णाचा क्रमांक मागे ढकलून ओळखीच्या माणसास पुढे आणल्यास अमानतीस तडा जाईल. तसेच, उपचार कोणते द्यावेत, शस्त्रक्रिया केव्हा करावी, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. त्यात विश्वस्त हस्तक्षेप करीत नाहीत.

त्यांचे खरे कठीण काम सभागृहात असते. जुने यंत्र आणखी एक वर्ष चालवावे आणि तो पैसा औषधांवर खर्चावा, की यंत्र बदलून निदानास होणारा विलंब टाळावा? सशुल्क खोल्यांचे दर वाढविल्यास मोफत खाटांस आधार मिळतो, पण मध्यमवर्गीय कुटुंब दुसरीकडे वळते. अशा प्रश्नांस दोन्ही बाजूंनी सज्जन मते असतात आणि कोणत्याही निर्णयाने कोणी ना कोणी नाराज होतो. म्हणूनच मंडळात वकील, डॉक्टर, लेखापाल, व्यापारी, शिक्षक असे निरनिराळे अनुभव असलेले लोक हवेत. स्वतःचा वा नातलगाचा व्यवहार न्यासाशी येत असेल, तर त्या विश्वस्ताने त्या चर्चेत भाग घेऊ नये, हा संकेतही तितकाच महत्त्वाचा आहे.

देणगीदारांस विनंती

देणगी देताना पावतीवर हेतू अवश्य लिहून घ्यावा : जकात, सदका, कायम निधी अथवा एखादे विशिष्ट कार्य. हेतू न लिहिलेली रक्कम कोणत्या थैलीत टाकावी, हे विश्वस्तांनी अंदाजाने ठरविणे दात्याच्या दृष्टीने उचित नव्हे. अहवालाच्या शेवटी ताळेबंद व उत्पन्न-खर्चपत्रक जोडले आहे. त्यात निधींची नावे पृथक् दाखविली आहेत. आपली रक्कम कोठे जमा झाली हे कोणाही देणगीदारास कार्यालयीन वेळेत येऊन पाहता येईल. रुग्णांच्या नातेवाइकांनीही सवलतीची चौकशी दाखल होतानाच, समाजसेवा विभागात करावी. देयक हाती आल्यावर चौकशी करण्यापेक्षा ते पुष्कळ सोयीचे होते.